एकाच दालनात अनेक शस्त्रक्रिया : जंतुसंसर्ग रोखण्याची शिस्त व व्यवस्था

हैदराबाद शहरातील आबिड्स हा भाग महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील जनतेस अपरिचित नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या भागास हे नाव पडले. नामपल्लीचे रेल्वे स्थानक तेथून जवळ आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग असल्यामुळे नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतील रुग्णांची पावले मोठ्या उपचारांसाठी पिढ्यान्‌पिढ्या या शहराकडे वळत आली आहेत. आबिड्सच्या शेजारी गोशामहल आणि थोड्या अंतरावर मुसी नदीच्या काठी अफझलगंज आहे. उस्मानिया सार्वजनिक रुग्णालय आहे ते या अफझलगंजात. या रुग्णालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथील मैदानावर झाली. सुमारे २,००० खाटांचे हे नियोजन आहे.

नव्या इमारतीची निकड का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. १९०८ च्या सप्टेंबर महिन्यात मुसी नदीला आलेल्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्यानंतर वास्तुशिल्पी व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार बांधलेली घुमटांची भव्य इमारत १९२५ मध्ये पूर्ण झाली. जवळजवळ एक शतक तिने रुग्णांची सेवा केली. जुलै २०२० मध्ये अतिवृष्टीचे पाणी याच इमारतीच्या वॉर्डांमध्ये शिरले आणि त्यानंतर ती रिकामी करून बंद करण्यात आली. तेथील विभाग आवारातील उरलेल्या इमारतींमध्ये सामावून घ्यावे लागले. जागा कमी झाली. रुग्ण मात्र कमी झाले नाहीत. अशा वेळी कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयापुढे एक प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रियेची दालने थोडी आणि शस्त्रक्रिया पुष्कळ असतील, तर एका दालनात दोन किंवा अधिक टेबले मांडून काम करावे काय? आणि केले तर एका रुग्णाचे जंतू दुसऱ्या रुग्णाच्या जखमेपर्यंत पोहोचू नयेत यासाठी कोणती व्यवस्था हवी?

हा प्रश्न केवळ हैदराबादचा नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि शिबिरे यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून त्याचा शास्त्रीय व व्यवस्थापकीय विचार प्रत्येक नागरिकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

वेदना गेली, भय राहिले

शस्त्रक्रियेच्या इतिहासात हैदराबादला मानाचे स्थान आहे. क्लोरोफॉर्म ही भूल कितपत निर्धोक आहे, याचा शोध घेण्यासाठी १८८८ व १८८९ या वर्षी येथे दोन आयोग नेमले गेले. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक डॉ. एडवर्ड लॉरी हे या कार्याचे प्रवर्तक होते, निजाम सरकारने त्याचा खर्च सोसला आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. या आयोगांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि, भूल देताना रुग्णाच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवावे, हा त्यांचा आग्रह मोलाचा ठरला.

भुलीमुळे शस्त्रक्रियेतील वेदना गेली, परंतु जखम नासण्याचे भय तसेच राहिले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली व रुग्ण दगावला, असे एकोणिसाव्या शतकात वारंवार घडत असे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्यास भाग पाडले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८६५ मध्ये ग्लासगो येथे डॉ. जोसेफ लिस्टर यांनी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची उघडी जखम कार्बोलिक आम्लाने स्वच्छ केली. ती जखम न नासता भरून आली. येथून जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले.

लिस्टर यांच्या कार्यातील एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जंतू हवेतून जखमेत पडतात, अशी प्रारंभी त्यांची समजूत होती. म्हणून शस्त्रक्रिया चालू असता दालनात कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी स्वतःच ती सोडून दिली. हवेपेक्षा हात, उपकरणे आणि कापड यांच्यामार्फत होणारा संसर्ग अधिक घातक असतो, हे त्यांच्या लक्षात आले होते.

जंतू कोणत्या वाटेने जातात

अनेक टेबलांचे दालन पाहिले की सामान्य माणसाच्या मनात प्रथम हवेचा विचार येतो. शेजारच्या रुग्णाच्या जखमेतील जंतू हवेतून आपल्या जखमेवर येतील, ही त्याची भीती असते. ही भीती निराधार नाही. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. चालणाऱ्या माणसाच्या अंगावरून ते मिनिटाला हजारोंच्या संख्येने गळतात आणि त्यांतील काहींवर जंतू असतात. निरोगी माणसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वास्तव्य करून असतो. दालनात जितकी माणसे अधिक आणि त्यांची ये-जा जितकी अधिक, तितके हवेतील जंतू अधिक, हा साधा हिशेब आहे. दोन टेबलांच्या दालनात माणसे दुप्पट होतात आणि दारही दुप्पट वेळा उघडते.

म्हणून आधुनिक शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा छतातून आत सोडली जाते आणि दालनातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवला जातो, जेणेकरून दार उघडले तरी व्हरांड्यातील हवा आत शिरू नये. तासाला किमान वीस वेळा हवा बदलली जावी, असा दंडक आहे. म्हणजे दर तीन मिनिटांनी दालनाच्या घनफळाइतकी शुद्ध हवा आत आली पाहिजे. छताचा पंखा मात्र धूळ व कण वर उडवून सर्वत्र पसरवतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दालनात त्याला स्थान नाही.

कृत्रिम सांधा बसविण्यासारख्या शस्त्रक्रियांत हवेचे महत्त्व सर्वाधिक असते, कारण शरीरात राहणाऱ्या धातूवर थोडे जंतूही तग धरतात. ब्रिटन व स्वीडनमधील रुग्णालयांत आठ हजारांहून अधिक सांध्यांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या हवेच्या दालनात १.५ टक्के रुग्णांच्या सांध्यात खोलवर जंतुसंसर्ग झाला. अतिशुद्ध हवेच्या व्यवस्थेत हे प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. ब्रिटनमधील काही अस्थिरोग रुग्णालयांत भिंती नसलेल्या एकाच विस्तीर्ण दालनात अनेक टेबले असतात. परंतु तेथे प्रत्येक टेबलावर शुद्ध हवेचे स्वतंत्र छत्र असते. वरून खाली वाहणारी ही हवा त्या टेबलापुरती अदृश्य भिंतच होय. हे छत्र नसताना केवळ टेबले वाढविणे म्हणजे त्या पद्धतीचे अर्धेच अनुकरण करणे होय.

हवेची वाट अशी रोखता येते. याहून मोठी वाट मात्र सामायिक वस्तूंची आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाणारी परिचारिका, न बदललेले हातमोजे, अर्धवट निर्जंतुक केलेली कात्री, अनेक रुग्णांसाठी वापरलेली औषधाची एकच बाटली, घाईत कपड्याने पुसून पुन्हा हाती घेतलेली दुर्बीण या सर्व वाटांनी जंतू भिंतीची पर्वा न करता प्रवास करतात. वेगवेगळ्या खोल्यांतील दोन रुग्णांसाठी एकच दूषित बाटली वापरली, तर मधल्या भिंतीचा काहीही उपयोग होत नाही.

हैदराबादमध्येच याचे उदाहरण घडले. मेहदीपट्टणम भागातील सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात जून २०१६ अखेर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या १३ रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. डोळा धुण्यासाठी वापरलेल्या सलाइनसारख्या द्रावणाच्या बाटल्यांवर संशय केंद्रित झाला आणि त्यांच्या तपासणीत जंतू आढळले. बंद बाटलीतील द्रावण निर्जंतुक असणारच, असे प्रत्येक जण धरून चालतो. म्हणूनच त्याची तपासणी व नोंद यांची गरज अधिक असते.

वेळेचे गणित

सामायिक दालनातील सर्वांत मोठा शत्रू घाई हा आहे. याचे स्पष्टीकरण साध्या अंकगणिताने करता येते आणि शाळेतील विद्यार्थीही ते समजू शकतात.

स्त्रियांच्या दुर्बिणीच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेत पोटाला लहानसे छिद्र पाडून दुर्बीण आत घालतात. ही दुर्बीण नाजूक असल्याने दोन शस्त्रक्रियांच्या दरम्यान ती दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात वीस मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावी आणि नंतर निर्जंतुक पाण्याने धुवावी, अशी पद्धत ठरविण्यात आली आहे. त्याआधी तिच्यावरील रक्त व चिकट अंश स्वच्छ केले पाहिजेत. अस्वच्छ उपकरणावर कोणतेही द्रावण काम करीत नाही.

आता हिशेब पाहावा. दुर्बीण एकच असेल व शस्त्रक्रिया तीस असतील, तर केवळ ती बुडवून ठेवण्यास ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास लागतील. दुर्बिणी तीन असतील, तर प्रत्येकीच्या वाट्यास दहा शस्त्रक्रिया येतील व बुडवून ठेवण्याचा वेळ प्रत्येकी २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होईल. केंद्र शासनाने एका चमूसाठी दिवसाला तीस शस्त्रक्रिया आणि त्यांसाठी तीन दुर्बिणी अशी जी मर्यादा घातली आहे, तिचे मर्म या हिशेबात आहे. ही मर्यादा शल्यचिकित्सकाच्या कौशल्याबद्दल शंका घेण्यासाठी नाही. हात कितीही कुशल असला, तरी द्रावणातील वीस मिनिटे पंधरा होत नाहीत.

हा हिशेब विसरल्याचे परिणाम देशाने पाहिले आहेत. ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारमधील अररिया जिल्ह्यात एका शाळेच्या इमारतीत एकाच शल्यचिकित्सकाने सुमारे दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढील याचिकेत नमूद झाले. १२० मिनिटांस ५३ ने भागले असता एका स्त्रीच्या वाट्यास सव्वादोन मिनिटे येतात. तेवढ्या वेळात हातही नीट धुऊन होत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या जिल्ह्यातील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या १३ स्त्रियांचा मृत्यू झाला.

१४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निर्णय देऊन अशा शस्त्रक्रियांची शिबिर पद्धत तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. तरीही २५ ऑगस्ट २०२२ रोजी हैदराबादपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या इब्राहिमपट्टणम येथील सरकारी रुग्णालयात एका दिवसात ३४ स्त्रियांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि पुढील काही दिवसांत त्यांपैकी चार स्त्रिया दगावल्या. उरलेल्या स्त्रियांना हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांत हलवून उपचार करण्यात आले. या स्त्रिया आजारी नव्हत्या. आपला संसार बेताचा राहावा, एवढ्यासाठी त्या चालत रुग्णालयात आल्या होत्या. निरोगी माणसावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत एकही मृत्यू क्षम्य मानता येत नाही.

उद्दिष्टाच्या आकड्याचाही येथे विचार केला पाहिजे. केंद्र शासनाने एप्रिल १९९६ पासून कुटुंबनियोजनातील वरून ठरवून दिलेली उद्दिष्टे रद्द केली. त्यामागील हेतू प्रत्यक्ष कामात उतरला पाहिजे. ज्या बैठकीत शस्त्रक्रियांची संख्या विचारली जाते, त्याच बैठकीत ‘दुर्बिणी किती? उपकरणांचे संच किती? किती जणांना जंतुसंसर्ग झाला?’ हेही विचारले जावे.

शिस्त पाळून यश

अनेक टेबलांच्या दालनात काम सुरक्षितपणे होऊच शकत नाही, असा अर्थ यावरून काढता येणार नाही. मदुराई येथे १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात एकाच दालनात एकापेक्षा अधिक टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असता शेजारच्या टेबलावर दुसऱ्या रुग्णाची तयारी होते, आणि पहिली संपताच शल्यचिकित्सक दुसरीकडे वळतो. प्रत्येक रुग्णासाठी उपकरणांचा स्वतंत्र निर्जंतुक संच असतो. प्रत्येक परिचारिकेस ठरावीक काम असते व त्या कामाचे दीर्घ शिक्षण दिलेले असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या रुग्णालयाच्या अहवालानुसार ४२ हजारांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांत डोळ्याच्या आतील गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण ०.०९ टक्के होते, म्हणजे दहा हजारांत नऊ.

बिलासपूरमध्ये वेग होता व मदुराईमध्येही आहे. फरक असा की मदुराईमध्ये वेग वाढविताना निर्जंतुकीकरणाचा वेळ कापला गेला नाही. उपकरणांचे संच व प्रशिक्षित माणसे वाढविण्यात आली. भिंत नसेल तेथे शिस्तीनेच भिंतीचे काम केले पाहिजे, हा या तुलनेचा निष्कर्ष आहे.

व्यवस्थापनाची प्रमुख सूत्रे

सामायिक दालन वापरणे अपरिहार्य असेल तेथे पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१. रुग्णांची निवड व क्रम : पू झालेल्या, नासलेल्या किंवा फुटलेल्या आतड्याच्या शस्त्रक्रिया स्वच्छ शस्त्रक्रियांबरोबर एकाच दालनात कधीही करू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन असावे. तेही नसेल, तर अशी शस्त्रक्रिया दिवसाच्या शेवटी, इतर सर्व रुग्ण बाहेर गेल्यावर करावी व नंतर दालन पूर्णपणे धुऊन घ्यावे. कृत्रिम सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी शुद्ध हवेच्या छत्राशिवाय सामायिक दालन वापरू नये.

२. टेबलागणिक स्वतंत्र साहित्य : प्रत्येक टेबलाची उपकरणांची ट्रॉली, भुलीचे साहित्य, कचऱ्याची बादली व सेवकवर्ग स्वतंत्र असावा. एका टेबलावरील वस्तू दुसऱ्या टेबलावर जाऊ नये. जो कर्मचारी दोन्हीकडे जातो, त्याने प्रत्येक वेळी हात निर्जंतुक करावेत. शस्त्रक्रियेचे हातमोजे व झगा प्रत्येक रुग्णासाठी नवा असावा.

३. औषधे व द्रावणे : डोळ्यात किंवा शरीरात जाणारे द्रावण एका रुग्णास एक बाटली या नियमाने वापरावे. बाटली उजेडात धरून गढूळपणा, तडा व मुदत पाहावी. तिचा गट क्रमांक रुग्णाच्या कागदावर लिहावा.

४. वाफेचे निर्जंतुकीकरण : दाबाखालील वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस असता किमान पंधरा मिनिटे, व गुंडाळलेल्या साहित्यासाठी त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. हा वेळ तापमान गाठल्यानंतर मोजावयाचा असतो. यंत्र सुरू केल्यापासून तो मोजणे चूक होय. गठ्ठ्यावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे गठ्ठा तापला, एवढेच कळते. आतील जंतू मेले की नाही, याची खात्री उष्णतेला दाद न देणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंची चाचणी नियमितपणे करूनच होते.

५. ये-जा व गर्दी : दालनातील माणसांची संख्या ठरवून द्यावी. पाहुणे, छायाचित्रकार व कामाशिवाय येणारे अधिकारी यांना प्रवेश नसावा. शस्त्रक्रिया चालू असता दारे बंद राहावीत.

६. सफाई : दोन रुग्णांच्या दरम्यान टेबल, दिव्याची मूठ व सांडलेले रक्त जंतुनाशकाने पुसावे. या कामासाठी वेळापत्रकात वेगळा वेळ राखून ठेवावा. सफाई कामगार हाही शस्त्रक्रियेच्या चमूचा घटक आहे. त्याचे प्रशिक्षण व त्याच्या लसीकरणाची काळजी ही प्रशासनाची जबाबदारी आहे. आदल्या रात्री फॉर्मलिनची धुरी दिली म्हणजे दालन शुद्ध झाले, हा समज सोडून द्यावा. फॉर्मलिनमधील फॉर्माल्डिहाइड हा वायू माणसात कर्करोग उत्पन्न करणारा असल्याचे जागतिक संस्थांनी २००४ मध्ये जाहीर केले आहे. शिवाय घासून-पुसून केलेल्या सफाईची जागा धुरी घेऊ शकत नाही.

७. ओळख व पडदा : एकाच दालनात अनेक रुग्ण असता एकाचे कागद दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो. भूल देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया व शरीराची बाजू मोठ्याने वाचून खात्री करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यासाठी तपासणी-सूची तयार केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यानंतर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन टेबलांमध्ये धुता येण्याजोगा पडदा असावा. तो जंतूंना फारसा अडवीत नसला, तरी रुग्णाची, विशेषतः स्त्रियांची, अब्रू राखतो.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे टेबलाचा क्रमांक, उपकरणांच्या संचाचा क्रमांक, वाफयंत्रातील फेरीचा क्रमांक, द्रावणाचा गट क्रमांक आणि चमूतील व्यक्तींची नावे लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. सामान्य दिवशी ही नोंद निरुपयोगी वाटते. परंतु एका रुग्णास ताप आला किंवा डोळा लाल झाला, तर हीच वही सांगते की त्याच संचाने किंवा त्याच बाटलीच्या गटाने आणखी कोणावर शस्त्रक्रिया झाली. मग त्या सर्वांना त्याच दिवशी बोलावून तपासता येते आणि उरलेल्या बाटल्या बाजूला काढता येतात. वही नसेल, तर दुसरा रुग्ण आपल्या घरी, दूरच्या वाडीवर, आपला त्रास अंगावर काढीत राहतो.

एका रुग्णास संशयास्पद जंतुसंसर्ग होताच त्या दालनातील पुढील शस्त्रक्रिया थांबविण्याचा अधिकार प्रभारी परिसेविकेसही असावा. थांबविल्याबद्दल तिला जाब विचारला जाणार नाही, असे लेखी आश्वासन तिला मिळाले पाहिजे. दोष लपविण्याची सवय कार्यालयीन धाकातून लागते व लपविलेला दोष वाढत जातो.

ग्रामस्थांनी काय करावे

रुग्ण व त्याचे नातेवाईक यांचाही या कामात वाटा आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी साबणाने स्नान करावे. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. मधुमेह, ताप, खोकला, अंगावरील गळू किंवा जखम असल्यास ते डॉक्टरांस आधी सांगावे. शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली म्हणून नाराज होऊ नये.

रुग्णास काही प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आज येथे किती शस्त्रक्रिया होणार आहेत? त्यानंतर देखरेखीखाली राहण्याची सोय कोठे आहे? घरी गेल्यावर त्रास झाला, तर रात्री कोणाशी संपर्क साधावा? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळावीत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा जखमेतून पू, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ठणका, लाली किंवा अंधूक दिसणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या आतील संसर्गात काही तासांचा विलंबही दृष्टी हिरावून घेऊ शकतो. जखमेतील जंतुसंसर्ग तीस दिवसांपर्यंत उद्भवू शकतो, हे ध्यानात ठेवून आशा कार्यकर्तीने या काळात रुग्णाच्या घरी भेटी द्याव्यात.

शिक्षकांनी वरील वेळेचा हिशेब वर्गात उदाहरण म्हणून अवश्य घालावा. आईच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरविताना घरातील शिकलेले मूल हा हिशेब मांडू शकले, तर त्या शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल. ग्रामपंचायत सदस्य व रुग्ण कल्याण समितीच्या सभासदांनी आपल्या रुग्णालयातील वाफयंत्र चालू आहे काय, त्याची चाचणी केव्हा झाली, उपकरणांचे संच पुरेसे आहेत काय, याची विचारणा सभेत करावी आणि उणीव असेल तेथे निधीची मागणी नोंदवावी.

गोशामहलच्या मैदानावरील नव्या इमारतीत शस्त्रक्रियेची प्रशस्त दालने असावीत, अशी अपेक्षा आहे. प्रत्येक तालुक्यास अशी इमारत लगेच मिळणार नाही. जेथे दालन एक आहे आणि रुग्ण दोन आहेत, तेथे जंतूंपासून त्यांचे संरक्षण करणाऱ्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. धुतलेले हात, पुरेसे संच, पूर्ण वीस मिनिटे, खरी नोंदवही आणि वेळ अपुरा पडला तर उरलेल्या रुग्णांना दुसऱ्या दिवशी बोलावण्याचे धैर्य एवढ्या साधनांवर त्या दोन्ही रुग्णांना सुखरूप घरी पाठविता येते.